लोखंडावरचे पाणी: पनवेल परिसरातील कुलंटचा इतिहास

लेथ, मिलिंग किंवा ग्राइंडिंग मशीनवर धातू कापताना हत्याराच्या टोकावर जो द्रव सोडतात, त्याला कुलंट म्हणतात. बहुतेक वर्कशॉपांत तो दुधाळ पांढरा दिसतो आणि त्यात शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणीच असते. तेलाचे पिंप विकत आणावे लागते, म्हणून निवडीची सारी चर्चा तेलाच्या नावाभोवती फिरते. पाणी नळाला येते, त्यामुळे त्याची चौकशी सहसा होत नाही. पनवेलसारख्या खाडीकाठच्या, पावसाळी गावात कुलंट टिकते की नासते हे मात्र बरेचसे त्या पाण्यावर ठरत आले आहे.

पनवेलचा लोखंडाशी संबंध कारखानदारीच्या आधीचा आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. मुंबईहून येणारा माल पडावांतून पनवेलच्या बंदरात उतरे आणि तिथून बैलगाड्यांनी घाट चढे. या वाहतुकीने गावाला एक खास धंदा मिळाला, तो गाडीच्या चाकांचा. १९०८ च्या ‘इम्पीरियल गॅझेटियर’मध्ये चाके बनवणे हाच पनवेलचा प्रमुख उद्योग असल्याची आणि देशावरचे गाडीवान परतताना चाकांची जोडी घेऊन जात असल्याची नोंद आहे. १८६३ मध्ये रेल्वे कर्जतमार्गे घाट चढली आणि बंदराची सद्दी ओसरू लागली, तरी हा धंदा पुढे बराच काळ तग धरून होता.

चाक तयार करण्यातला शेवटचा टप्पा लोहाराचा असे. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवून जोडायची, जाळात लाल होईपर्यंत तापवायची, सांडशींनी उचलून चाकावर बसवायची आणि लाकूड पेटण्याआधी पाणी ओतायचे. थंड होताना धाव आकसते आणि आरे तुंब्यात घट्ट रुततात. या कामात पाण्याने फक्त उष्णता काढून घ्यायची असते, आणि त्यासाठी विहिरीचे कसलेही पाणी चालते. यंत्रावर धातू कापताना मात्र तेवढ्याने भागत नाही. हत्याराच्या टोकाशी धातूची चिप दाबाखाली घासत वर सरकते. तिथे गारव्याबरोबर वंगणही लागते, शिवाय जॉबवर आणि मशीनच्या स्लाइडवर गंज चढता कामा नये.

हा पेच अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पद्धतशीर अभ्यासला गेला. फ्रेडरिक टेलर याने फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० च्या दशकात प्रयोग केले. चिप जिथे सुटते नेमक्या त्याच जागी पाण्याची जाड धार सोडली, तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो, असे त्याला आढळले. गंज टाळण्यासाठी त्याने पाण्यात धुण्याचा सोडा मुरवला. १८८४ मध्ये मिडव्हेलच्या नव्या शॉपमध्ये हे सोड्याचे पाणी एका मध्यवर्ती टाकीतून नळांनी प्रत्येक मशीनपर्यंत नेले होते. कारखाना कोणालाही पाहण्यासाठी खुला असूनही पुढची पंधराएक वर्षे जवळजवळ कोणीच त्याचे अनुकरण केले नाही, अशी तक्रार टेलरने आपल्या १९०६ च्या प्रबंधात केली आहे. कुलंटकडे दुर्लक्ष करण्याची परंपरा अशी खुद्द कुलंटइतकीच जुनी आहे.

सोड्याच्या पाण्यात वंगण नव्हते. चरबीचे तेल वंगणाला उत्तम, पण महाग आणि लवकर खवट होणारे. यातून मार्ग निघाला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. खनिज तेलात साबणाच्या जातीचे पायसीकारक मिसळले, की ते पाण्यात अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने पसरते. हेच सोल्युबल ऑईल. १९४० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी मिलिंग मशीन कंपनीने रासायनिक, म्हणजे सिंथेटिक द्रव बाजारात आणले. आता निवड चार प्रकारांतून होते: नीट ऑईल (पाणी न मिसळता वापरायचे तेल), सोल्युबल ऑईल, सेमी-सिंथेटिक आणि सिंथेटिक.

महाराष्ट्रात यंत्रावरचे कापकाम आधी मुंबईतील रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या वर्कशॉपांत रुजले. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, साताऱ्याचा कूपर कारखाना १९२२ मध्ये निघाला. पनवेलची पाळी बरीच उशिरा आली. दिवा-पनवेल रेल्वेमार्ग १९६० च्या दशकात झाला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये आणि सिडको १९७० मध्ये स्थापन झाले. मग तळोजे, पाताळगंगा या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईच्या कर्नाक बंदरातला लोखंडबाजार सिडकोने कळंबोलीला आणला. रसायनांच्या मोठ्या कारखान्यांना पंपाचे शाफ्ट, फ्लँज, व्हॉल्व्हचे सुटे भाग सतत लागतात, आणि अशा कामांवर दोन-चार लेथांची वर्कशॉपे जगतात. कुलंटसाठीही लांब जावे लागत नव्हते. कॅस्ट्रॉलचा वंगण कारखाना पाताळगंगेलाच आहे. इंडियन ऑईलचे ‘सर्वोकट’ आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे ‘कूलकट’ हेही पिंपांतून मिळू लागले. विरघळणाऱ्या कटिंग ऑईलसाठी आयएस १११५ आणि नीट ऑईलसाठी आयएस ३०६५ ही भारतीय मानके आहेत.

निवड पहिल्यांदा धातूवरून होते. बिडाच्या ओतकामात ग्रॅफाइट असते आणि चिप भुकटीसारखी तुटते, म्हणून ते बहुधा कोरडेच कापतात. माइल्ड स्टीलला ५ टक्क्यांचे साधे सोल्युबल ऑईल पुरते. स्टेनलेस स्टील काम करता करता कडक होत जाते; त्याला अधिक दाट मिश्रण लागते, आणि आटे पाडताना नीट ऑईलच बरे. अ‍ॅल्युमिनियमवर जास्त अल्कधर्मी कुलंटचे डाग पडतात, तांब्या-पितळेला सक्रिय गंधक काळे करते. मॅग्नेशियमच्या पेटत्या चिपवर पाणी पडले तर आग भडकते. ग्राइंडिंगमध्ये उष्णता काढणे महत्त्वाचे, म्हणून तिथे २ ते ४ टक्क्यांचे पातळ मिश्रण वापरतात.

दुसरी कसोटी पाण्याची, आणि पनवेलमध्ये तीच अवघड ठरते. परिसराला पाताळगंगेचे पाणी मिळते. या नदीत खोपोलीच्या १९१५ सालच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी येते, म्हणजे मुळात ते लोणावळ्याच्या माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी. असे पाणी सुफेन असते: कुलंट चांगले मिसळते, पण सीएनसी मशीनच्या जोरदार पंपाखाली फेस काढते. उन्हाळ्यात टंचाई झाली की कूपनलिका आणि टँकर आले. जमिनीखालच्या पाण्यात क्षार जास्त, आणि खाडीलगत ते मचूळही असते. दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम पायसीकारकाशी संयोग पावून त्याचा न विरघळणारा साका बनवतात. तेल सुटून वर साय धरते, गाळण्या तुंबतात. मिठाचा अंश असेल तर जॉब रातोरात गंजतो. दोष मात्र पिंपाला दिला जातो.

याहून फसवी बाब बाष्पीभवनाची. समजा, टाकीत १९० लिटर पाणी आणि १० लिटर तेल आहे, आणि पाण्यात लिटरमागे १५० मिलिग्रॅम क्षार आहेत. रोज १५ लिटर पाणी उडून जाते आणि तेवढेच नळाचे भरले जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. जॉबबरोबर बाहेर जाणारा अंश सोडला, तर पंधरवड्याच्या आत टाकीतले क्षार दुप्पट होतात. सुरुवातीला उत्तम असलेले पाणी अशा रीतीने टाकीतच दुष्फेन बनते. म्हणून भर घालताना शक्यतो क्षारमुक्त पाणी घ्यावे आणि त्यात थोडे तेल आधी मिसळलेले असावे. मिसळताना तेल पाण्यात ओतायचे. उलट केले तर पाण्याचे थेंब तेलात अडकून घट्ट लगदा होतो.

रोजच्या देखभालीत रिफ्रॅक्टोमीटरने दाटपणा पाहतात आणि वाचनाला निर्मात्याने दिलेल्या गुणकाने गुणतात. मशीनच्या वंगणाचे तेल कुलंटमध्ये झिरपलेले असेल तर हे वाचन खोटे वाढलेले येते. पीएच साधारण ८.५ ते ९.५ असावा, तो घसरू लागला म्हणजे जिवाणूंची वाढ सुरू झाली. वर तरंगणारा तेलाचा तवंग हवा अडवतो. त्याखाली ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात. गौरी-गणपतीला कोकणातले कामगार गावी जातात तेव्हा मशीन अनेक दिवस बंद, हवा दमट आणि टाकी निश्चल, म्हणजे या जिवाणूंना हवे ते सगळे. फिनेल ओतून वास दबतो, पण मिश्रण फाटण्याची शक्यता असते. तवंग काढणे, तळाचा कीस उपसणे आणि सुट्टीत पंप अधूनमधून चालवणे किंवा टाकीत हवेचे बुडबुडे सोडणे हे उपाय स्वस्त आणि खात्रीचे आहेत. टाकी रिकामी केल्यावर नळ्या आणि कोपरे जंतुनाशकाने धुतले नाहीत, तर नवे कुलंटही काही दिवसांत जुन्याच मार्गाने जाते.

कुलंटचा कामगाराच्या अंगाशी येणारा भाग उशिराच लक्षात आला. सतत ओल्या हातांना त्वचादाह होतो, बारीक तुषार फुप्फुसात जातात. गंजरोधक म्हणून घातलेले सोडियम नायट्राइट आणि अमाइन यांच्या संयोगाने कर्करोगकारक नायट्रोसामाइन बनतात, हे १९७६ मध्ये अमेरिकेत उघड झाले आणि नायट्राइट मागे पडले. लघुशृंखला क्लोरीनयुक्त पॅराफिन २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेले. अर्धकच्च्या खनिज तेलांवर आंतरराष्ट्रीय संस्थांनी कर्करोगकारक असा शिक्का मारला आहे, म्हणून आज चांगल्या प्रतीची शुद्ध मूळ तेले वापरतात.

शेवटचा प्रश्न नासलेल्या कुलंटचा. पूर्वी ते सरळ गटारात जाई. पर्यावरण नियमांनुसार नदीत सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ५ टक्के कुलंटच्या एका लिटरमध्ये तेल सुमारे ४५ ग्रॅम असते, म्हणजे ते या मर्यादेत आणायला साडेचार हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. तळोज्याची कासाडी नदी तिच्या प्रदूषणामुळे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचली. २०१७ मध्ये त्या परिसरात निळ्या पडलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे देशभर छापून आली. तिथला मुख्य दोष रासायनिक सांडपाण्याचा, कुलंटचा वाटा लहान. पण टाकाऊ तेल आणि तेलमिश्रित अवशेष २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात, आणि तळोज्यातच अशा कचऱ्याचे सामुदायिक प्रक्रिया केंद्र आहे. मोठे कारखाने आम्ल किंवा तुरटीने तेल वेगळे करून पाणी प्रक्रियेला पाठवतात. दोन लेथांच्या वर्कशॉपला वर्षाकाठी एखाद-दुसरे पिंप भरते. एवढ्यासाठी वाहन बोलावणे परवडत नाही, म्हणून शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून पिंपे साठवून एकदम पाठवणे सोयीचे पडते.

अलीकडे तासाला काही दहा मिलिलिटर तेल हवेच्या झोतातून फवारून पाणी पूर्ण वगळण्याची पद्धत रुळते आहे. त्यात टाकी नाही, वास नाही आणि टाकाऊ कुलंटही नाही. मिलिंगला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कामाला ती चांगली लागू पडते. ग्राइंडिंग आणि खोल भोकांच्या कामात उष्णता वाहून न्यायची असते आणि चिपही धुऊन बाहेर काढायची असते. ते हवेच्या झोताने नीट साधत नाही, म्हणून त्या मशीनांच्या टाक्या अजून पाण्यानेच भरल्या जातात.