काचेच्या पेटीतला समुद्र

छायाचित्र म्हणजे पुरावा, असे कचेरीत बसणाऱ्या आम्हा मंडळींना सहज वाटते. पाण्याखालच्या चित्रांचा इतिहास मात्र आम्हांस सावध करतो.

फ्रान्समध्ये लुई बुताँ यांनी १८९३ साली खरोखर समुद्रात कॅमेरा नेऊन छायाचित्रे घेतली. पुढे १८९८ च्या फेब्रुवारीत हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. २६० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी जॉर्ज मेलिएस यांनी त्या नौकेपाशी उतरलेले पाणबुडे पडद्यावर दाखविले. त्यांचा कॅमेरा पाण्यात गेलाच नव्हता. रंगविलेल्या देखाव्यापुढे नट, आणि मध्ये जिवंत माशांची काचेची पेटी, एवढ्यावर समुद्र उभा राहिला. १९०४ साली 'ला सिरेन' या चित्रपटात त्यांनी एका चित्रावर दुसरे चढवून काचेच्या हौदात जलपरीही अवतरविली.

जलपरी कोणास फसवीत नाही. आपण कल्पित आहोत हे ती स्वतःच सांगते. 'मेन'च्या चित्राला मात्र खऱ्या मृतांचा आधार होता. दोष जोडकामाच्या कलेचा नव्हे. चित्राखाली कोणते नाव लिहिले आहे, हे आम्ही आधी वाचावयास हवे.