पान एक, वाचणारे अनेक

जुनीं दप्तरें चाळणाऱ्याला एक अनुभव वारंवार येतो. कागद शाबूत असतो, शाई फिकी पडलेली नसते, अक्षरही सुबक असतें. परंतु लेख मोडींत असतो आणि मोडी जाणणारा जवळ नसतो. अशा वेळीं तो कागद असून नसल्यासारखा होतो. लेखाचें आयुष्य लिहिणाऱ्याच्या हातीं असतें त्याहून अधिक वाचणाऱ्याच्या हातीं असतें, हें तेव्हां मनोमन पटतें.

दोन-अडीचशें वर्षांपूर्वींच्या कागदांविषयीं असें व्हावें यांत नवल नाहीं. नवल हें कीं, अवघ्या पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या डोळ्यांदेखत लिहिल्या गेलेल्या मराठी मजकुराची तीच गत झालेली आम्हीं पाहिली आहे. २००१ च्या सुमारास आम्हीं आमच्या एका व्याख्यानाचें वेब-पान तयार करविलें. आमच्या टेबलावरील संगणकावर तें छापील पुस्तकाप्रमाणें स्वच्छ दिसे. तेंच पान एका स्नेह्यानें आपल्या घरीं उघडलें, तेव्हां त्यास रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि कंस यांची एक अर्थहीन रांगोळी दिसली. "हें आपण कोणत्या भाषेंत लिहिलें आहे?" असें त्यानें दूरध्वनीवरून विचारिलें. आम्हांस हसूं आलें आणि थोडा रागही आला. पण चूक कोणाची, हें कांहीं सांगतां येईना. पुढें या प्रश्नाचा माग काढूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न यंत्राचा कमी आणि इतिहासाचा अधिक आहे. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

वेब म्हणजे जगभरच्या संगणकांवर ठेविलेल्या पानांचें जाळें आणि ब्राउझर म्हणजे तीं पानें आणून आपल्यापुढें मांडणारा कार्यक्रम, हें आज घरोघरीं ठाऊक आहे. परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. छापील पान मुद्रणालयांतून बाहेर पडतें तें कायमच्या रूपानें. वेबचें पान तसें नसतें. लिहिणारा 'हें शीर्षक, हा परिच्छेद, हें चित्र' अशा खुणा घालून नुसता मजकूर पाठवितो. या खुणांच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात. पान जुळवून उभें करण्याचें काम वाचकाच्या घरचा ब्राउझर करितो. म्हणजे खिळे जुळविणारा प्रत्येक घरीं निराळा! दोघां जुळाऱ्यांनीं एकच हस्तलिखित दोन रीतींनीं जुळविलें, तर लेखकानें दाद कोठें मागावी? पुढील सर्व तंट्याचें बीज येथें आहे.

या जाळ्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं मांडली आणि पुढील वर्षीं पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें हें सॉफ्टवेअर सर्वांस विनामूल्य मोकळें केलें. त्याच वर्षीं इलिनॉय विद्यापीठांतील मार्क अँड्रीसन व एरिक बीना यांचा मोझेइक हा ब्राउझर प्रसिद्ध झाला. पानांत चित्र घालण्याची खूण अँड्रीसन यांनीं सुचविली. तिच्याविषयीं इतरांचें एकमत होण्यापूर्वींच ती त्यांच्या ब्राउझरांत आली आणि रूढही झाली. आधीं चालवावें आणि मग संमति घ्यावी, हा पायंडा येथें दिसतो. त्यानें वेबची वाढ झपाट्यानें झाली हें खरें. पण त्या वाढीबरोबर तण माजलें हेंही तितकेंच खरें.

१९९४ सालीं अँड्रीसन यांनीं जिम क्लार्क यांच्यासह नेटस्केप ही कंपनी काढिली. ९ ऑगस्ट १९९५ रोजीं तिचे भाग बाजारांत आले. २८ डॉलरांचा भाग त्याच सायंकाळीं ५८ डॉलरांवर जाऊन ठेपला. त्याच महिन्यांत मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर रणांत उतरला. यापुढें दोन्ही पक्षांनीं नव्या नव्या खुणा काढण्याचा सपाटा लाविला. एकानें अक्षरें लुकलुकविलीं, तर दुसऱ्यानें तीं आडवीं धांवविलीं. नेटस्केपसाठीं ब्रेंडन आइख यांनीं मे १९९५ मध्यें दहा दिवसांत एक लहानशी भाषा रचिली. तीच पुढें जावास्क्रिप्ट या नांवानें प्रसिद्धीस आली. मायक्रोसॉफ्टनें १९९६ सालीं तिची आपली प्रतिकृति काढिली. दोहोंत बहुतेक साम्य होतें; आणि हें 'बहुतेक'च कारागिरांच्या जिवावर उठलें. १९९७ सालीं दोघांच्याही चौथ्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हां पानावरील एखादी चौकट हलवावयाची झाली तरी एकाकरितां एक आज्ञा आणि दुसऱ्याकरितां दुसरी, असें दुहेरी लेखन करावें लागे.

केवळ वेगळेपणा असता तर तो डोळ्यांस दिसून तरी आला असता. परंतु एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले, तेव्हां खरी पंचाईत झाली. पानांचा साज ठरविणारी सीएसएस ही नियमावली डिसेंबर १९९६ मध्यें मान्य झाली. तिच्याप्रमाणें चौकटीची रुंदी म्हणजे आंतील मजकुराची रुंदी. समास आणि कडा त्याबाहेर. रुंदी ३०० सांगितली, दोहों बाजूंस २० चा समास आणि ५ ची कडा दिली, तर चौकट एकूण ३५० ची व्हावयास पाहिजे. एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तींत विंडोजवर ती ३०० चीच होई, आणि मजकुरास २५० उरत. पन्नासांची ही तफावत पडली म्हणजे शेजारचा रकाना ढळून खालीं जाई आणि सबंध पानाची घडी विसकटे. घर बांधतांना गवंड्याचा गज आणि सुताराचा गज निराळा असावा, त्यांतला हा प्रकार.

यावर कारागिरांनीं एक तोड काढिली. प्रत्येक ब्राउझर पान मागतांना आपलें नांव सांगतो. तें विचारून ज्याचें पान त्यास द्यावें. नेटस्केपचें सांकेतिक नांव होतें मोझिला. चांगलीं पानें मोझिलासच मिळतात असें दिसतांच एक्सप्लोररनेंही आपलें नांव मोझिला सांगून कंसांत हळूच खरें नांव जोडलें. पुढें जो तो हेंच करूं लागला. २००८ सालीं गूगलचा क्रोम आला, तो तर एका दमांत मोझिला, गेको आणि सफारी या सर्वांचीं नांवें घेऊं लागला. दरबारांत शिरावयास खोटी ओळख सांगावी लागते, मग ओळख विचारण्यांतच अर्थ राहत नाहीं. जाणते कारागीर यांतून एक धडा शिकले: ब्राउझरास 'तूं कोण?' असें विचारूं नये, 'तुला हें काम येतें काय?' असें विचारावें. आजही दोष शोधतांना हाच मार्ग सुरक्षित ठरतो.

कोणी म्हणेल, दोघांच्या भांडणामुळें हें झालें. एकच उरता तर सुख झालें असतें. इतिहासानें तोही प्रयोग करून दाखविला आहे. नेटस्केप हरलें. मायक्रोसॉफ्टनें विंडोजबरोबर ब्राउझर जोडून दिल्याबद्दल मे १९९८ मध्यें अमेरिकन सरकारनें खटला भरला, जून २००० मध्यें कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला आणि पुढील वर्षीं वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. तोंपर्यंत नेटस्केपचें बळ सरलें होतें. ऑगस्ट २००१ मध्यें एक्सप्लोररची सहावी आवृत्ति निघाली. सातवी निघाली ती ऑक्टोबर २००६ मध्यें. प्रतिस्पर्धी नाहीं, मग सुधारणा कोणासाठीं? या पांच वर्षांत असंख्य कचेऱ्यांनीं आपलीं कामें त्या एकाच आवृत्तीच्या गुणदोषांवर रचिलीं, आणि ती आवृत्ति सोडली तर कचेरी बंद पडते अशी अवस्था त्यांनीं स्वतःवर ओढवून घेतली.

दक्षिण कोरियाची कथा याहून बोधप्रद आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या देशानें पेढीच्या व्यवहारांसाठीं सीड नांवाची स्वतःची गुप्तलेखनपद्धति तयार केली. ब्राउझरांस ती येत नव्हती, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स या जोडयंत्राच्या द्वारें ती चालविण्यांत आली. हेतु राष्ट्रीय स्वावलंबनाचा होता. परिणाम असा झाला कीं, सबंध राष्ट्र एका परदेशी कंपनीच्या एका ब्राउझरास बांधलें गेलें. या व्यवस्थेस आधार देणाऱ्या सरकारमान्य प्रमाणपत्राचें विशेष स्थान डिसेंबर २०२० मध्यें रद्द झालें, आणि एक्सप्लोरर स्वतः १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. एकछत्री राज्यांत पानें सर्वांना सारखीं दिसतात हें खरें, पण तें ऐक्य नव्हे. ती ताबेदारी होय.

तिसरा मार्ग तहाचा. बर्नर्स-ली यांनीं १९९४ सालींच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही नियम ठरविणारी संस्था स्थापिली होती. पण नुसत्या लेखी नियमांस कोण जुमानतो? १९९८ सालीं कांहीं कारागिरांनीं एकत्र येऊन नियमपालनाची चळवळ आरंभिली. त्याच वर्षीं ॲसिड नांवाची पहिली कसोटी निघाली. २००५ सालीं दुसरी. ब्राउझर नियम पाळीत असेल तर या दुसऱ्या कसोटींत एक हसरा चेहरा नीट उमटे, नाहींतर नाकडोळे भलतीकडे जात. नियमभंग आतां कोणासही, अगदीं लहान मुलासही, दिसूं लागला. २००४ सालीं निघालेल्या फायरफॉक्सनें वाचकांस पर्याय दिला. आणि २०१४ सालीं मान्य झालेल्या एचटीएमएलच्या पांचव्या नियमावलीनें आमच्या मतें सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली. लेखकानें चुकीच्या खुणा घातल्या तर काय करावें, हें पूर्वीं ज्याचें त्यानें ठरवावें असें होतें. आतां चुकांचा अर्थ कसा लावावा, हेंही सर्वांसाठीं एकच ठरलें. मनुष्य चुकणारच हें गृहीत धरून केलेला कायदाच टिकतो.

आतां आमच्या त्या पानाकडे वळूं. त्या काळीं मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसवीत. आणि कोणत्या जागीं कोणती, हें प्रत्येक फॉन्टकार आपल्या मनानें ठरवी. वाचकाकडे तोच फॉन्ट नसला कीं खालचें रोमन उघडें पडे. फॉन्ट पानाबरोबर पाठविण्याची सोय १९९७ सालीं दोन्ही ब्राउझरांनीं केली, पण दोघांची निराळी. आणि नेटस्केपच्या पुढील आवृत्तीनें आपली सोडूनही दिली. वास्तविक प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासून होती. परंतु विंडोजमध्यें तिची बरी व्यवस्था २००० सालीं आली, आणि एक्सपीवरही ती मुद्दाम चालू करून घ्यावी लागे. मधल्या दशकांत कितीतरी मराठी मजकूर खाजगी संकेतांत लिहिला गेला. तो शोधतां येत नाहीं, कारण यंत्राच्या लेखीं ती मराठीच नव्हे.

आमचा मजकूर अलीकडे एका विद्यार्थ्यानें त्या जुन्या फॉन्टचा तक्ता मिळवून युनिकोडमध्यें उतरवून दिला. कांहीं जोडाक्षरें तुटलीं, रफार भलत्या अक्षरांवर जाऊन बसले. ते आम्हीं आठ दिवस बसून दुरुस्त केले. पण ज्यांचें लेखन असें पडून आहे आणि जे स्वतः आतां हयात नाहींत, त्यांचें कोण दुरुस्त करणार? वाचकांपैकीं कोणाच्या घरीं जुन्या चकत्यांवर वडिलांचें वा आजोबांचें असें लेखन असेल, तर त्यांनीं तें आजच उतरवून घ्यावें. तक्ते जाणणारीं माणसें अजून आहेत तोंवर हें काम सोपें आहे.

आज पुन्हां एकदां बहुतेक ब्राउझर एकाच यंत्रावर चालूं लागले आहेत. मायक्रोसॉफ्टनेंही २०२० सालीं आपलें यंत्र टाकून क्रोमचें स्वीकारिलें. पानें सर्वत्र सारखीं दिसतात म्हणून कारागीर संतुष्ट आहेत. २००१ सालींही ते असेच संतुष्ट होते, एवढेंच आम्ही त्यांस नम्रपणें सुचवूं इच्छितों.