सहा प्रश्नचिन्हे आणि चार अक्षरांचे पुलगाव

#धागा

पु, ल, गा, व. वर्धा नदीकाठच्या या गावाच्या नावात चार अक्षरे आहेत. एखाद्या जुन्या संकेतस्थळावर गावाच्या रकान्यात नावाऐवजी "??????" अशी ओळ उमटावी, हा अनुभव मराठीतून संगणक वापरणाऱ्या एका अख्ख्या पिढीच्या परिचयाचा आहे. ती चिन्हे सहसा कोणी मोजत नाही. मोजली तर सहा भरतात. शेजारच्या रकान्यातील वर्धा आणि देवळी यांच्या वाट्याला प्रत्येकी पाच येतात. अक्षरे चार असताना प्रश्नचिन्हे सहा का, या प्रश्नाच्या उत्तरात दुरुस्तीची किल्लीही आहे आणि नव्वदएक वर्षांचा इतिहासही.

यंत्र अक्षरे मोजत नाही, संकेत मोजते. युनिकोडमध्ये पुलगावचे सहा संकेत होतात : प, उकार, ल, ग, काना, व. साठवताना त्यांतील प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण अठरा. पीएचपी या भाषेत लांबी विचारणारे साधे फलन या नावासाठी १८ हे उत्तर देते, बहुबाइट फलन ६ म्हणते, आणि वाचकाच्या डोळ्यांनी मोजणारे तिसरे फलन ४ सांगते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो कार्यक्रम लिहिणाऱ्याने यांपैकी एक विचारले आणि दुसरे गृहीत धरले म्हणजे. शीर्षक "दहा अक्षरांत" छाटण्याचा आदेश दिला आणि यंत्राने दहा बाइट मोजले, तर पडद्यावर "पुल" उरते आणि त्यामागे काळ्या चौकटीतले एक अनाथ चिन्ह. (पु. ल. देशपांड्यांच्या चाहत्यांना हा अपघात गोड वाटेल.) तो तुटका बाइट पुढे आणखी उपद्रव करत असे. मजकूर सुरक्षित करून पानावर मांडणारे फलन, वेगळे काही सांगितले नाही तर, २०२१ पर्यंत असा सदोष मजकूर पाहून रिकामी ओळ परत करत असे, आणि पान कोरे का दिसते याचा शोध रात्रभर चालत असे.

देवनागरी आणि यंत्र यांचा हा झगडा संगणकापेक्षा जुना आहे. शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे तेव्हा इंग्रजीचे काम जेवढ्या खिळ्यांत भागे, त्याच्या अनेक पट खिळे देवनागरीच्या पेटीत भरावे लागत. जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार यांचा संसार मोठा. म्हणून लिपीच सोपी करावी असा विचार पुढे आला, आणि त्याचे एक मोठे केंद्र पुलगावच्याच जिल्ह्यात होते. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकरांच्या पुढाकाराने तेथे "अ"ची बाराखडी पुरस्कारली गेली : इ, ई, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे टाकून द्यावीत आणि अ लाच वेलांटी, उकार, मात्रा लावाव्यात. मराठीत सावरकरांनीही लिपिशुद्धीच्या चळवळीत हाच मार्ग सुचवला होता. हेतू व्यवहारी होता, लिपीने यंत्रासाठी थोडे वाकावे एवढाच. ती सुधारणा रुजली नाही. पण त्या पद्धतीने छापलेली पुस्तके ग्रंथालयांत आहेत, आणि आज कोणी त्यांचा मजकूर जसाच्या तसा टंकित केला तर "इतिहास" हा शब्द शोधून त्यांतला "अितिहास" सापडत नाही. यंत्राच्या लेखी इ हा एक संकेत आहे, तर अ आणि वेलांटी हे दोन. काही ठिकाणी तर त्या वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, कारण अ ला वेलांटी लागते हे अक्षर रेखाटणाऱ्या प्रणालीला मान्यच नसते.

उलट्या दिशेचा प्रयत्न, म्हणजे यंत्राने लिपीसाठी वाकावे हा, ऐंशीच्या दशकात जोरात आला. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली जिस्ट हे तंत्र घडले आणि पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढले. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली आली व १९९१ मध्ये तिचे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. पाया स्वदेशी विचाराचा होता, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. युनिकोड ही बाहेरून लादलेली गोष्ट आहे असा समज अजूनही भेटतो.

मात्र कार्यालये आणि छापखाने या मानकांची वाट पाहत थांबले नाहीत. त्यांनी फॉण्टचा आडमार्ग धरला. कृतीदेवसारख्या फॉण्टमध्ये रेमिंग्टन टंकयंत्राची मांडणी जशीच्या तशी उचललेली आहे : इंग्रजी "आय"च्या जागी प चे चित्र, "क्यू"च्या जागी उकार, "वाय"च्या जागी ल. पडद्यावर सुबक "पुलगाव" दिसते. डेटाबेसमध्ये मात्र आय, क्यू, वाय, एक्स, के, ओ अशी सहा इंग्रजी अक्षरे पडून असतात. फॉण्ट काढून घेतला की नावाचा मागमूस राहत नाही. १९९० नंतरच्या दोन दशकांत टंकित झालेला कितीतरी मराठी मजकूर याच रूपात आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो कागदाला लागलेल्या वाळवीइतकाच छळतो.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे म्हणजे चिन्हामागे चिन्ह बदलणे नव्हे. टंकयंत्रावर रफार सर्वांत शेवटी मारतात, कारण तो कागदावर उजवीकडे वर बसतो. म्हणून "वर्धा" हा शब्द जुन्या फॉण्टमध्ये व, ध, काना, रफार या क्रमाने साठतो. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते : व, र, हलन्त, ध, काना. रफार उचलून ध च्या आधी न नेता नुसती अदलाबदल केली तर जिल्ह्याचे नाव "वधार्" होते, आणि आर्वीचे "आवीर्". पहिल्या वेलांटीची गत याच्या उलट. ती टंकयंत्रावर व्यंजनाआधी येते आणि युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रूपांतर केलेल्या दस्तऐवजात अशी रूपे दिसली की दोष मूळ लेखकाच्या शुद्धलेखनाचा नसून रूपांतराचा आहे, हे ओळखावे.

आता त्या सहा प्रश्नचिन्हांकडे. पीएचपी आणि मायएसक्यूएल या दोहोंचे जन्मवर्ष १९९५. पहिली भाषा ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांची, दुसरा डेटाबेस स्वीडनमधील कंपनीचा. जगातील असंख्य छोटी संकेतस्थळे या जोडीवर उभी राहिली. मायएसक्यूएलमध्ये काही वेगळे सांगितले नाही तर मजकूर लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय लिपीसंचात आणि स्वीडिश वर्णक्रमाने साठत असे. युनिकोडची सोय ४.१ या आवृत्तीत आली, तरी न सांगता मिळणारी निवड बदलायला २०१८ ची ८.० ही आवृत्ती उजाडावी लागली. देवनागरी मजकूर लॅटिन-१ च्या रकान्यात घालू पाहिला की डेटाबेस प्रत्येक संकेत तपासतो, त्याला जागा सापडत नाही, आणि तो तेथे एक प्रश्नचिन्ह ठेवतो. सहा संकेत, सहा प्रश्नचिन्हे. अशा वेळी मूळ नाव खरोखरच नष्ट झालेले असते.

पण घाईने निष्कर्ष काढू नये. रकाना युनिकोडचाच असून फक्त पीएचपी व डेटाबेस यांच्यातील जोडणी लॅटिन-१ ची असेल, तर बाहेर येतानाही हुबेहूब हीच सहा चिन्हे दिसतात. आत नाव सुखरूप असते. दोहोंतला फरक पडद्यावर कळत नाही. त्यासाठी रकान्यातील बाइट षोडशमान पद्धतीने उघडे करून पाहावे लागतात, आणि मायएसक्यूएलचे हेक्स हे फलन तेच करते. प च्या जागी "ई० ए४ एए" दिसले तर सर्व ठीक. फक्त जोडणी उघडताच लिपीसंच जाहीर करावा. "३एफ" दिसले तर ते खरेच प्रश्नचिन्ह आहे. जुनी प्रत शोधण्याशिवाय इलाज नाही.

तिसरीही शक्यता आहे आणि तीच सर्वांत फसवी. जोडणी आणि रकाना दोन्ही लॅटिन-१ चे असले की डेटाबेस काहीच तपासत नाही; अठरा बाइट तो अठरा युरोपीय अक्षरे समजून ठेवतो व तसेच परत देतो. पान वर्षानुवर्षे निर्दोष दिसते. मग सर्व्हर बदलतो, कोणी जोडणी युनिकोडची करतो, आणि पुलगावऐवजी टोपी-टिंबांच्या युरोपीय अक्षरांची माळ उमटते. त्या माळेलाही नियम आहे. व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी यांच्या जागी वारंवार चार पायांच्या वर्तुळासारखे सामान्य चलनचिन्ह येते. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांच्या जागी जपानी येनचे. देवनागरीचा संच बाइटांच्या हद्दीवर नेमका या दोन वेलांट्यांमध्ये विभागला गेला आहे. असे असल्यास मजकूर शाबूत असतो. रकाना थेट युनिकोडचा करू नये, आधी नुसत्या बाइटांचा करावा आणि मग युनिकोडचा. थेट केला तर चूक दुहेरी होते व हेक्समध्ये "सी३ ए०" दिसू लागते. काहीही करण्याआधी प्रत काढून ठेवावी, हे सांगायला नकोच.

एवढे करूनही मराठीचे स्वतःचे काही प्रश्न उरतात. "शेतकऱ्यांचा" यातील अर्धा र घ्या. तो ऱ या स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, र आणि नुक्त्याने लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असाही. तिन्ही डोळ्यांना सारखे. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक करता येतात. तिसरे त्यालाही दाद देत नाही, ते वेगळे बदलून घ्यावे लागते. "ॲड." मधील ॲ ला स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला, त्याआधीच्या नोंदींत अ वर चंद्र देऊन काम भागवलेले आहे. वर्णक्रमाचे तसेच. संकेतांच्या क्रमात ळ हा ल नंतर लगेच येतो, म्हणून "काळ" आधी आणि "काव्य" नंतर लागते; मराठी वर्णमालेत ळ ह च्या पुढे आहे. स्वीडिश भाषेलाही आपली शेवटची तीन अक्षरे झेडनंतर हवी असतात. त्यांची ती गरज यंत्राला जन्मापासून ठाऊक होती, ळ ची नव्हती.

हे केवळ नजरेचे दुखणे नाही. कऱ्हाडे हे आडनाव एका नोंदीत एका रूपाने आणि दुसरीत दुसऱ्या रूपाने टंकित झाले असेल, तर शोधणाऱ्याला "नोंद आढळली नाही" हे उत्तर मिळते, आणि ती नोंद जमिनीची असेल तर त्या उत्तराची किंमत मोठी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. कागद आणि शाई डोळ्यांसमोर ठेवून केलेली ती तरतूद हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा यांतील तफावत मिटवण्यासाठीही वापरली गेली. टाकाची चूक दोन कागद शेजारी ठेवले की दिसते. अदृश्य जोडचिन्ह दिसत नाही.

शिवाय प्रत्येक न जुळणारे नाव चुकीचे असतेच असे नाही. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी अनुच्चारित अनुस्वार लिहिले जात, म्हणून जुन्या कागदांत "पुलगांव" भेटते. तेथे सातवा संकेत आहे, पण तो दोष नव्हे, तो काळाचा ठसा आहे. शोध घेताना दोन्ही रूपे जुळवावीत; मूळ नोंदीतला अनुस्वार मात्र पुसू नये. सफाईच्या उत्साहात असे अनुस्वार एका आदेशात उडवणारा पुढच्या संशोधकाचा एक पुरावा नाहीसा करतो.

मोडी वाचणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, पण तिचे संकेत पहिल्या पासष्ट हजारांच्या पलीकडे आहेत. तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमधील "यूटीएफ-८" नावाचा जुना लिपीसंच तीन बाइटांवरच थांबतो. चार बाइटांचा "यूटीएफ-८-एमबी-४" २०१० मध्ये वेगळ्या नावाने आणावा लागला. देवनागरीचे जुन्या संचात कधी अडत नाही, म्हणून अनेक टेबले अजून त्यातच आहेत. अशा टेबलात देवनागरी लिप्यंतरासोबत मोडीची मूळ ओळ घातली की ती पहिल्या मोडी अक्षरापाशी तुटते. कडक व्यवस्थेत निदान त्रुटीचा संदेश येतो. जुन्या सैल व्यवस्थेत उरलेली ओळ गुपचूप गळते, आणि ते लक्षात येते तेव्हा मूळ कागद पुन्हा रुमालात बांधून कपाटात गेलेला असतो.