फटफटीच्या रुसव्याचा इतिहास

रस्त्यांत मोटारसायकल एकाएकीं थांबली, कीं जाणता स्वार प्रथम प्लग काढून पाहतो. सिलिंडरच्या डोक्यांत बसविलेला हा ठिणगीचा खुंटा. इंजिनाचे इतके भाग असतांना पहिली झडती त्याचीच कां?

२८ मे १९०७ रोजीं आयल ऑफ मॅन बेटावर टी. टी. ही पहिली शर्यत झाली. दहा फेरे, एकंदर १५८ मैल. एका सिलिंडरच्या गाड्यांत मॅचलेसवर बसलेला चार्ली कॉलिअर ४ तास ८ मिनिटांत पहिला आला. दोन सिलिंडरांच्या वर्गांत रेम फाउलर जिंकला. त्याची गाडी नॉर्टनची, पण इंजिन फ्रान्समधील प्यूजोचें. त्याला ४ तास २१ मिनिटें लागलीं. गंमत अशी, कीं त्या दिवसाचा सर्वांत वेगवान फेरा, ताशीं जवळजवळ ४३ मैलांचा, फाउलरचाच होता! मग ही तेरा मिनिटें गेलीं कोठें? रस्त्याच्या कडेला. वारंवार प्लग बदलणें, सैल झालेला चामडी पट्टा ताणणें, आणि भर वेगांत टायर फुटून पडल्यावर पुन्हां गाडी उभी करणें, यांत तीं खर्ची पडलीं.

प्लगची ही दशा होण्याचें मुख्य कारण तेल. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत स्वारच हातपंपानें इंजिनाला तेल पाजी. कमी झालें तर दट्ट्या सिलिंडरांत आवळून बसे. म्हणून भीतीपोटीं स्वार हात सैल सोडी आणि जादा तेल जळून प्लगवर काजळी धरे. पुढें १९२० नंतरच्या दशकांत यांत्रिक पंप रूढ होत गेले, तेव्हां ही कटकट बरीच ओसरली.

विजेची बाजूहि आरंभीं दुबळी होती. ॲक्युम्युलेटर वाटेंत रिकामा होई. १९०२ सालीं स्टुटगार्ट येथें रॉबर्ट बॉशच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, आणि इंजिन फिरतें आहे तोंवर ठिणगीची सोय झाली.

जुन्या गाडीचा प्लग आजहि असाच वाचावा. कोरडी मऊ काजळी दिसली तर मिश्रणांत पेट्रोल जास्त. ओशट चिकटा दिसला तर दट्ट्याचीं कडीं झिजलीं असावींत. पांढरट, करपलेला दिसला तर पेट्रोल अपुरें किंवा इंजिन फार तापलेलें. मात्र उघड्या हवेंत उडालेली ठिणगी सिलिंडरांतील दाबाखालीं उडेलच असें नाहीं, म्हणून खिशांत नवा प्लग असावा.

आणि नव्या प्लगनेंहि गाडी कांहीं मैल धांवून थांबली, जरा विसावली कीं पुन्हां सुरू झाली, तर पेट्रोलच्या टाकीचें झांकण उघडून पाहावें. त्यांतील हवेचें बारीक छिद्र धुळीनें बुजलें, कीं पेट्रोल खालीं उतरत नाहीं. टाचणीनें तें मोकळें होतें.