बांधा आणि खोड : भीमथडीच्या घोड्यानिमित्त काही विचार

कायद्याच्या विद्यार्थ्याची घोड्याशी पहिली गाठ पडते ती रणांगणावर नव्हे की शर्यतीच्या मैदानावरही नव्हे. ती पडते १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात. तेथे 'अ' हा 'ब' ला लिलावात एक घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे 'अ' ला ठाऊक असते, पण तो मूग गिळून बसतो. हे मौन म्हणजे कपट नव्हे, असे कायदा सांगतो. त्याच कलमाच्या आणखी एका दृष्टांतात 'ब' म्हणतो, 'तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन'. आता मात्र 'अ' चे मौन बोलण्याच्या बरोबरीचे ठरते. आम्ही हे कलम घोकले तेव्हा आमचे सारे लक्ष मौनाकडे होते, घोड्याकडे नव्हते. पुष्कळ वर्षांनी आम्हांला असा प्रश्न पडला की, या बिचाऱ्या घोड्यात दोष होता तरी कोणता? त्याचा पाय अधू होता की स्वभाव वाईट होता?

आपल्या कायद्याचे आजोळ जे इंग्लंड, तेथील न्यायाधीशांनी या प्रश्नाचा चांगलाच कीस काढलेला आहे. किडेल विरुद्ध बर्नार्ड या १८४२ च्या खटल्यात शरीराच्या दोषाची व्याख्या झाली : ज्या रोगाने किंवा इजेने घोड्याची नैसर्गिक उपयुक्तता विक्रीच्या वेळी कमी झालेली असते, तो दोष. त्याआधी तीन वर्षे, स्कोलफील्ड विरुद्ध रॉब या खटल्यात, स्वभावाच्या दोषाला वेगळा कप्पा मिळाला होता : घोडा धोक्याचा किंवा कमी उपयोगाचा होईल असा स्वभावातला बिघाड, अथवा त्याच्या प्रकृतीला अपाय करणारी वाईट सवय. मराठीत याला एकच नेमका शब्द आहे, खोड. मौज अशी की, नुसत्या वाईट बांध्याला या दोन्ही कप्प्यांत जागा नाही. डिकिन्सन विरुद्ध फॉलेट या १८३३ च्या निकालाप्रमाणे पाय वेडेवाकडे असले तरी, जोवर त्यांनी इजा झालेली नाही तोवर, घोडा कायद्याच्या दृष्टीने धडधाकटच.

हा न्याय विक्रीपुरता ठीक आहे. न्यायाधीशापुढे एक घोडा आणि एक दिवस असतो. पैदाशीसाठी अंडील घोडा निवडणाऱ्यापुढे मात्र न जन्मलेली वीसपंचवीस शिंगरे उभी असतात. बापाचा वाकडा पाय बापाला नडला नाही तरी मुलाला नडेल, आणि बापाची खोड चाबूकस्वाराने दाबून ठेवली असली तरी ती मुलात उसळी घेईल. शिवाय बांधा डोळ्यांना दिसतो, दोरीने मोजता येतो, कागदावर लिहिता येतो. स्वभावाचे तसे नाही. तो सहवासानेच कळतो, आणि ज्याला सहवास घडतो त्याच्या हाती बहुधा लेखणी नसते. घोड्याच्या इतिहासातील पुष्कळशा चुका येथून सुरू झाल्या, असे आमचे मत आहे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हा भेद ठाऊक नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अश्वाध्यक्षाने घोड्यांची नोंद ठेवायची ती कूळ, वय, रंग, खुणा यांसह. उत्तम घोड्याचे तोंड बत्तीस अंगुळे, उंची जंघेच्या चौपट, असा हिशोबही दिलेला आहे. पण कोणता घोडा युद्धाला आणि कोणता नुसत्या स्वारीला, हे ठरविताना कौटिल्य मापाची पट्टी बाजूला ठेवून तीक्ष्ण, भद्र आणि मंद असे तीन स्वभाव पुढे करतो. म्हणजे जातीची प्रतवारी देशावरून, शरीराची अंगुळांवरून आणि कामाची वाटणी स्वभावावरून.

पुढील अश्वशास्त्रांत ही स्वच्छता राहिली नाही. नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये सचित्र प्रसिद्ध केले. त्या परंपरेत रंगांचा आणि भोवऱ्यांचा पसारा एवढा आहे की घोडा त्यात हरवून जातो. पंचकल्याणी शुभ, डोळ्याखाली भोवरा असलेला धन्याला रडवणारा. स्वभाव अंगावर लिहिलेला असावा आणि तो आपल्याला वाचता यावा, ही माणसाची फार जुनी हाव आहे. भोवरा हे त्या हावेचेच अक्षर. याला सरसकट हसण्याचेही कारण नाही. पोलंडमध्ये कोनिक जातीच्या घोड्यांवर झालेल्या २००७ च्या एका अभ्यासात, कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर असलेले घोडे हाताळायला अधिक कठीण आढळले. अर्थात त्यावरून धन्याच्या रडण्यापर्यंत उडी मारता येत नाही.

आता दख्खनकडे वळू. भीमा, नीरा आणि माण यांच्या काठचा जो घोडा, तो भीमथडीचा. थडी म्हणजे नदीकाठ. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून शतकानुशतके अरबी आणि इराणी घोडे उतरत असत. १५१० मध्ये गोवे घेतल्यावर पोर्तुगीजांनी होर्मुझकडून येणारी घोड्यांची जहाजे गोव्यालाच लागावीत असा हट्ट धरला, तो या व्यापारातील जकातीसाठीच. जहाजांतून येत ते बहुतकरून नर. चांगली घोडी देशाबाहेर सोडण्यास अरब नाखूश असत. तेव्हा बाप समुद्रापलीकडचा आणि आई घाटमाथ्यावरची, असे हे घराणे बनले. उंचीने बेताचे, पायाने पक्के, आणि कडब्यावर दिवस काढणारे. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला जेरीस आणले ते तोफांच्या बळावर नव्हे. वेगावर आणि सडेपणावर. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आमच्या वाचकांचे पूर्वज त्या बाजूंना गेले तेही अशाच घोड्यांच्या पाठीवरून.

या घोड्याची निवड कोणी केली? पागेतील बारगिराचा घोडा सरकारचा. सभासद बखरीप्रमाणे पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. शिलेदाराचा घोडा मात्र त्याच्या स्वतःच्या मालकीचा. तो मेला तर शिलेदाराची उपजीविका मेली. शेकडो घोड्यांच्या रांगेत रात्री एक चावरा घोडा सुटला तर काय अनर्थ होतो, हे ज्याने भोगले तो पुढच्या शिंगराचा बाप निवडताना नुसती मान आणि पुठ्ठे पाहणार नाही. याचे लेखी नियम कोठे सापडोत न सापडोत, भाषा साक्षीला आहे. उमदा, पाणीदार, बुजरा, चावरा, उधळ्या, अडेल : मराठीने घोड्याच्या हाडांपेक्षा त्याच्या मनावर अधिक शब्द खर्च केले आहेत. अडेलतट्टू हा शब्द तर आपण आता माणसांनाच, आणि कधी कधी पक्षकारांनाही, लावतो.

ईस्ट इंडिया कंपनीपुढचा प्रश्न निराळा होता. अवजड सरंजामासह गोरा स्वार पाठीवर घेईल असा उंच, जाड हाडाचा घोडा तिला हवा होता. बिहारमध्ये पूसा येथे तिने पैदाशीचे ठाणे उघडले आणि १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा तेथे अधीक्षक म्हणून आला. रीतसर शिकलेला पहिला इंग्रज पशुवैद्य तो हाच. विद्या त्याने फ्रान्समध्ये लियाँ येथे घेतली होती. (याच पूशाला १९०५ मध्ये शेतकी संशोधन संस्था निघाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीला गेली, दिल्लीकर आज ज्याला पूसा म्हणतात ते नाव मूळचे तिरहुतातले आहे.) मूरक्रॉफ्टला हवे होते भरदार बांध्याचे घोडे. १८१२ मध्ये गोसाव्याच्या वेषात तो मानससरोवरापर्यंत जाऊन आला. १८१९ मध्ये तो पुन्हा निघाला. लडाख, काश्मीर, काबूल असे करीत १८२५ च्या फेब्रुवारीत बुखाऱ्यास पोचला. ज्या घोडेबाजाराची स्वप्ने पाहत तो सहा वर्षे चालला, तो बाजार तेथे उरलेलाच नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परतीच्या वाटेवर अंदखुई येथे तो वारला. या माणसाच्या चिकाटीपुढे आम्ही नतमस्तक आहो. परंतु बांध्याच्या शोधात माणूस किती दूर जाऊ शकतो, याचे याहून करुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

देशी घोडा खोडकर असतो, चावतो, लाथा झाडतो, ही तक्रार एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात वारंवार आढळते; विशेषतः काठेवाडी घोड्याच्या वाट्याला ती फार आली. तिच्यात तथ्य असेलही. पण येथे वकिलाने उलटतपासणी करायलाच हवी. अगाडी-पिछाडीच्या दोरांनी दिवसभर जखडलेला, भरपूर खुराक आणि काम शून्य, माणूस जवळ येतो तो चाबूक घेऊनच : अशा घोड्याची खोड वंशाची की दाव्याची? आजचे शास्त्र म्हणते की स्वभावाचा काही अंश वारशाने उतरतो, काही संगोपनातून घडतो, आणि शिंगरू माणसाला भ्यावे की न भ्यावे हे पुष्कळसे आईजवळ शिकते. म्हणून एकट्या घोड्याकडे पाहून त्याच्या स्वभावाचा निवाडा करणे धोक्याचे. वेगवेगळ्या घोड्यांना झालेली, वेगवेगळ्या गोठ्यांत वाढलेली त्याची पोरे एकाच रीतीने वागत असतील तर ती साक्ष खरी.

प्रतिपक्षाचे म्हणणे दडपणे आमच्या व्यवसायाला शोभणार नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये जन्मलेल्या संडे सायलेन्स या घोड्याचे मागचे पाय सदोष होते आणि स्वभाव तापट. त्याचा बाप हेलो चावण्याबद्दल इतका कुप्रसिद्ध होता की त्याच्या तोंडाला मुसके बांधावे लागे. १९८७ च्या लिलावात या शिंगराची बोली १७,००० डॉलरवर थांबली आणि पुढील वर्षी ३२,००० वर. दोन्ही वेळा मालकपक्षानेच त्याला परत घेतले. तोच १९८९ मध्ये केंटकी डर्बी जिंकला. तरीही पैदाशीसाठी मायदेशात त्याला पुरेसे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तो जपानला गेला, आणि १९९५ पासून २००७ पर्यंत सलग तेरा वर्षे तेथील पैदाशीच्या घोड्यांत पहिला राहिला. म्हणजे बांधाही नडला नाही आणि खोडही नडली नाही! पण हा घोडा कोणत्या घरी गेला ते पाहावे. तेथे प्रत्येक शिंगरामागे पगारी, कसलेली माणसे होती, आणि पाठीवर दोन मिनिटांपुरता बसणारा स्वार हा त्याच कामात मुरलेला होता. तापटपणा पोसण्याची ऐपत ज्याला आहे त्याने तो पोसावा. ज्याच्या घोड्याभोवती लेकरे वावरतात त्याचा तराजू निराळा.

हा भेद आज आठवण्याचे कारण असे की, जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या भीमथडी घोड्याला जानेवारी २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. आम्हांला याचा मनापासून आनंद झाला, आणि थोडी धास्तीही वाटली. नोंदणी म्हटली की वर्णन आले. रंग, उंची, कान, डोके. स्वभावाच्या वाट्याला अशा वर्णनात फार तर एखादा शब्द येतो. उद्या प्रदर्शने भरतील, बक्षिसे लागतील, आणि उंच, डौलदार नर पैदाशीसाठी मागितले जातील. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांचे माणसाला केवढे वेड लागले ते आपण पाहतोच. भीमथडीला इतकी वर्षे ज्यांनी सांभाळले ते मेंढपाळ धनगर मात्र ना कानांसाठी सांभाळत होते ना उंचीसाठी.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, कोर्टाचे काम आटोपून परतताना, निपाणीच्या अलीकडे असा एक वाडा रानात उतरलेला आम्ही पाहिला. चार घोड्यांवरून वाघर, घोंगड्या, भांडी आणि कोंबड्यांचे खुराडे खाली उतरत होते; एका घोडीच्या पाठीवर दोन कोकरे अजून बांधलेलीच होती. बाजूला दोन तरणे नर बांधले होते. एक उंच, सरळ पायांचा, पाहताच नजर ठरावी असा. दुसरा ठेंगणा, पुढचे खूर किंचित बाहेर वळलेले. म्हाताऱ्या धनगराला आम्ही विचारले, "मामा, यातला पैदाशीला कोणता ठेवणार?"

त्याने ठेंगण्याकडे बोट केले. आम्ही खुरांकडे पाहत आहो हे त्याच्या ध्यानात आले असावे. "पाय बी बघतो की, सायेब. पर ह्यो दोन साल घाट चढतुया, लंगाडला न्हाई. आन् पोरं त्याच्या पायात खेळत्यात."

"आणि तो उंच?"

"त्येच्या बापानं आमच्या भावाचा हात मोडला. ह्यो बी तसाच कान पाडतुया. बाजारात काढायचा हाय."

आमच्यातला वकील गप्प बसेना. घेणाऱ्याला हे सांगणार का, असे आम्ही विचारले. म्हातारा हसला, आणि कोकरे सोडवायला वळता वळता म्हणाला, "इचारलं तर सांगीन."