रेमिंग्टनपासून युनिकोडपर्यंत: भंडाऱ्याचं मराठी टंकन

‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ हे आकडे भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या नोकरी शोधणाऱ्या पिढ्यांना तोंडपाठ आहेत. सरकारी लिपिकाच्या जाहिरातीतली मिनिटाला इतक्या शब्दांची अट पुरी करायला पोरंपोरी टायपिंग इन्स्टिट्यूट गाठत. गोदरेजने १९५५ पासून भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली होती. बोटं बसत ती मात्र रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर, आणि एकदा बसली की जन्मभर हलत नसत.

संगणक आला तेव्हा यंत्र बदललं, बोटं तीच राहिली. म्हणूनच विदर्भात कृतिदेव फॉन्ट इतका रुजला. जुन्या सवयीने टंकलं की पडद्यावर मराठी उमटे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी होती, पण ती विकत घ्यावी लागे आणि तिचं डाँगल, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, संगणकाच्या पाठीला लावावं लागे. कृतिदेव फ्लॉपीतून, मग सीडीतून, या डीटीपीवाल्याकडून त्या झेरॉक्सवाल्याकडे गेला.

त्यातली गोम पुढे कळली. कृतिदेवात ‘भंडारा’ लिहिलं तरी संगणक साठवतो ती इंग्रजी अक्षरं: एच, के, ए, एम, के, जे, के. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की जिल्ह्याचं नाव असं दिसतं, आणि शोधायला गेलं तर सापडतच नाही.

यावरचा उपाय खरं तर आधीच तयार होता. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. विंडोज २००० सोबत मिळालेला मंगल फॉन्ट आर. के. जोशी या मराठी अक्षरकाराने घडवला होता. तरी विंडोज एक्सपीत मराठी नीट जोडून दिसायला आधी सेटिंगमध्ये एक खूण करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. तालुक्याच्या गावी ती सीडी कुणाकडे असणार?

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झालं आणि एमएससीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगावी निघाले. २०११ च्या ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायतीत संगणक आणि ऑपरेटर आणून बसवला. आता मराठी मजकूर छापण्यापुरता उरला नाही, तो ऑनलाइन अर्जात भरायचा होता. तिथे कृतिदेव चालेना. मग रोमन अक्षरांतून मराठी लिहू देणारी फुकट साधनं हाताशी आली: बरहा, गमभन, गूगलचं इनपुट टूल. बरहाला पुढे पैसे लागू झाले. गूगलने विंडोजसाठी दिलेलं साधन उतरवून घेण्याची सोय काढून घेतली. ज्यांची सगळी भिस्त त्यावर होती त्यांची पंचाईत झाली.

टिकलं ते खुलं होतं ते. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला लोहित फॉन्ट आजही कुणीही वापरावा, बदलावा. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये फुटून निघालेलं लिबरऑफिस आजही मोफत आहे. भारतीय लिपींसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक तर विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये तयारच असतो. धानाच्या या जिल्ह्यात ज्याच्याशिवाय अर्ज पुरा होत नाही तो शब्द घ्या: शेतकऱ्यांना. त्यातला ‘ऱ्या’ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य आणि काना असा सरळ उमटतो.

जुन्या फायलींसाठी कृतिदेवातून युनिकोड करून देणारी पानं इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांचं काम वाटतं तितकं सोपं नाही. कृतिदेवात ‘जिल्हा’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘ज’ नंतर येतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘अर्ज’मधला रफार तिथे शेवटी, इथे ‘ज’च्या आधी. म्हणून रूपांतर झाल्यावर वेलांट्या आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात.

या खुल्या साधनांचं खरं मोल इथल्या झाडीबोलीला आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला. झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. प्रमाण मराठीचा शुद्धलेखन तपासनीस अशा शब्दांखाली लाल रेघ ओढतो. लिबरऑफिसमध्ये मात्र त्या शब्दावर माउसची उजवी कळ दाबून तो आपल्या शब्दकोशात घालता येतो. ती यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते, दुसऱ्याला देता येते. बोलीत लिहिणाऱ्या दहाजणांनी आपापल्या याद्या एकत्र केल्या तरी मोठं काम होईल.

भंडाऱ्यातल्या छापखान्यांत, शाळांत आणि नाट्यमंडळांच्या कपाटांत स्मरणिका, दंडार या लोकनाट्याची पुस्तकं, संमेलनांची भाषणं अजून कृतिदेवात पडून असतील. ज्यांच्याकडे अशा सीडी किंवा जुनी हार्डडिस्क आहे त्यांनी ती भंगारात देण्याआधी फायली काढून युनिकोडमध्ये आणाव्यात, आणि सोबत मूळ फाइलही जपावी.