मनीऑर्डरचे गाव आणि सातबाऱ्यावरची नावे

कोकणकिनाऱ्यावरील खेड्याचे वर्णन मराठी साहित्यात इतके झाले आहे की, ते गाव न पाहिलेल्या वाचकालाही माड-पोफळी, जांभ्याची गडगी आणि तांबड्या पायवाटा ओळखीच्या वाटतात. या वर्णनांमुळे एक समजूत मात्र घट्ट झाली. पूर्वी हे खेडे स्वयंपूर्ण आणि समाधानी होते. पुढे मुंबईने त्याची तरुण माणसे ओढून नेली आणि ते ओस पडले, अशी ती समजूत. इतिहास पाहू लागलो की ती टिकत नाही. माणसे मुंबईला गेली त्यामागे मुंबईची ओढ होतीच. पण त्याआधी गावातली जमीन त्यांची नव्हती, हे कारण होते.

या संदर्भात १८८० हे साल लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने खोतीविषयीचा कायदा केला आणि त्याच वर्षी टपालखात्याने मनीऑर्डरचे काम हाती घेतले. या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी घडाव्यात हा योगायोग होय. तथापि, किनाऱ्यावरच्या लहानशा गावाचे पुढील शतक समजून घ्यायचे तर या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

गॅझेटियरमधला जिल्हा डोंगराळ आणि अन्नाला तोटा असलेला आहे. पाऊस उदंड, पण जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही. भात पिकते ते डोंगरांमधल्या अरुंद मळ्यांत आणि खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खारजमिनीत. उतारावर नाचणी-वरी घ्यायची आणि काही वर्षांनी ती वरकस जमीन पडीक ठेवायची. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्टीत माड-पोफळीच्या बागा. पण त्या थोड्यांच्या मालकीच्या. साधारण कुणब्याच्या घरी वर्षभर पुरेल एवढे भात पिकत नसे.

जे पिके, त्यातलेही सगळे घरी येत नसे. रत्नागिरीतील बहुसंख्य गावांत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत होता. सरकारचा सारा त्याने भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात भातशेतीचे निम्मे उत्पन्न म्हणजे अर्धेल आणि वरकस जमिनीचा तिसरा हिस्सा म्हणजे तिर्धेल खोताकडे जाई. शिवाय वेठ होतीच. १८८०च्या कायद्याने काही जुन्या कुळांचे हक्क मान्य केले, परंतु खोताचे मधले स्थान कायम ठेवले. बांध सुधारला, कलम लावले, तरी त्याचे फळ आपल्याच पदरात पडेल याची कुळाला शाश्वती नव्हती.

अशा माणसाला समुद्राने वाट दिली. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि किनाऱ्यावरून आगबोटी धावू लागल्या. १८८१च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या रत्नागिरीकरांची संख्या लाखावर गेली होती. पुरुष गिरणीत आणि कुटुंब गावी, अशी घराची विभागणी झाली. मुंबईच्या चाळीत एकेका गावाची खोली असे. तिथे पाळीपाळीने झोपणारे चाकरमानी महिन्याकाठी मनीऑर्डर करीत. त्या पैशाने गावी तांदूळ येई, सारा भरला जाई आणि सावकाराचे व्याज फिटे. गिरणीची मजुरी अशा रीतीने खोताच्या आणि सावकाराच्या घरी पोहोचत होती. या प्रवासाची किंमतही जबर होती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मरण पावली.

जमिनीचा प्रश्न मुकाट सोसला गेला, असे मात्र नाही. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली कुळांनी शेते कसण्याचेच नाकारले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा संप कित्येक वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. पुढे १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळ जमिनीचे मालक मानले गेले. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीत खोत घराण्याची कथा विस्ताराने आली; कुळाच्या खोपटातून दिसणारे गाव मराठी कादंबरीत त्या मानाने थोडेच आले आहे.

जमीन मिळाली तेव्हा घराचे अर्धे आयुष्य मुंबईला बांधले गेले होते. त्यामुळे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचा आघात गिरणगावाइतकाच या खेड्यांवर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिने येणे सोपे केले आणि जाणेही. १९९०पासूनच्या फळबाग योजनेने सड्यावर आंबा-काजू उभे राहिले. त्या बागांची राखण आणि मचव्यांवरची खलाशाची कामे आज पुष्कळ ठिकाणी नेपाळहून आलेले मजूर करतात. मजूर पाठवणारे गाव आता मजूर आणवते. जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. पैसे आता क्षणात येतात, माणसे गणपती-शिमग्याला येतात.

या गावाचे पुढे काय, हा प्रश्न म्हणूनच सातबाऱ्यापाशी येऊन थांबतो. तीन-चार पिढ्यांची वाटणी न झाल्यामुळे एकेका तुकड्यावर वीस-तीस सामाईक नावे सापडतात. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, काही हयात नाहीत. अशा जमिनीवर कर्ज मिळणे कठीण, विहीर खोदायची तर संमती मिळणे कठीण. विकायची वेळ आली, की मात्र दलाल वारसांना मुंबईत शोधून काढतो. जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या जुन्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे तरी लागतात. तेवढी वर्षे थांबायचे, की वाडी विकून टाकायची, हा निर्णय ज्याला करावा लागतो तो गावात राहणारा असेलच, असे नाही. नाणार, बारसूसारख्या प्रकल्पांच्या वेळीही हीच अडचण पुढे आली. जमिनीचा धनी आणि गावचा रहिवासी यांचे हित एकच असते, असे गृहीत धरता येत नाही.

२०११च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७वरून १६,१५,०६९वर आली. सव्वाशे-दीडशे वर्षे राब भाजले, लावणी केली, बांध राखले, मुले वाढवली ती मुख्यतः गावी राहिलेल्या बायकांनी. सातबाऱ्यावर मात्र नाव मुंबईच्या पुरुषाचे. लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. तरी बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत चालूच आहे.

कोकणच्या विकासाची चर्चा पर्यटन, बंदरे आणि कारखाने यांभोवती फिरते. त्या चर्चेला आमचा विरोध नाही. परंतु वारसनोंदी पूर्ण करणे, सामाईक जमिनींच्या वाटण्या घडवून आणणे आणि कसणाऱ्या बाईचे नाव उताऱ्यावर चढवणे ही कामे तलाठी कार्यालयात पडून आहेत, तोवर गावाच्या वतीने होकार किंवा नकार देण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे ठरणार नाही. १८८० साली तो गावात नांगर धरणाऱ्याचा नव्हता. आज खोत उरलेला नाही. पण गावात राहून जमीन राखणाऱ्या बाईला तो अधिकार अजूनही मिळालेला नाही.